जुन्या जीपच्या चाकाचे तुटलेले स्टड कसे बदलायचे

आमची जीप सीजे-थ्री-बी आहे, उंच बॉनेटवाली, वडिलांनी सरकारी लिलावात घेतलेली. दोन पावसाळ्यांपूर्वी ताम्हिणी घाटाच्या अलीकडे डाव्या बाजूचं मागचं चाक पंक्चर झालं, रस्त्याकडेला एक पंक्चरवाला होता, मी गाडी लावली आणि समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेलो. तेवढ्यात त्या पोराने चाकाचा पाना लावला, नट हलेना म्हणून पान्यात चार फुटी पाइप घातला आणि त्यावर उभा राहिला. कटकन आवाज आला. मला वाटलं नट सुटला. दुसरा कट आवाज आला तेव्हा मी धावत आलो, तोपर्यंत दोन स्टड, म्हणजे चाकाचे नट ज्यांच्यावर बसतात ते आट्यांचे खिळे, मुळापासून गेले होते आणि तो तिसऱ्याला पाना लावत होता. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, तो जशा रोज शंभर गाड्या सोडवतो तशीच ही सोडवत होता. सांगायला हवं होतं ते मी, की दादा, या बाजूचे आटे उलटे आहेत.

तर ज्यांच्याकडे जुनी विलीज (मूळ अमेरिकन कंपनीची जीप) किंवा महिंद्राची जुनी जीप आहे, किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय. काम अवघड नाही पण त्यात दोन जागा अशा आहेत की तिथे घाई केली तर एका साध्या स्टडपायी आख्खा हब, म्हणजे हे स्टड ज्यात बसवलेले असतात तो चाकामागचा लोखंडी भाग, भंगारात जातो, आणि जुन्या जीपचा चांगला हब मिळवणं हल्ली सोपं राहिलेलं नाही.

आधी आट्यांचं. विलीज जीपला आणि तिच्यावरून महिंद्राने बनवलेल्या जुन्या जीपांना चाकाला पाच स्टड असतात, साडेपाच इंचाच्या वर्तुळावर, स्टड अर्धा इंची आणि आटे बारीक, इंचाला २०. उजव्या बाजूच्या दोन्ही चाकांना सुलटे आटे, डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांना उलटे. म्हणजे डावीकडचा नट सोडवायला पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. हे फक्त जीपलाच होतं असं नाही, १९६० च्या दशकातल्या डॉज, प्लिमथ, क्रायसलर गाड्यांनासुद्धा डावीकडे उलटेच आटे असायचे, त्यामुळे जुन्या अमेरिकन गाड्या ज्यांच्या घरी आहेत त्यांनीही हे लक्षात ठेवा.

कारण काय तर नट थोडा जरी सैल राहिला तरी चाक फिरताना रिम त्याला सतत बारीक बारीक ढकलत असते आणि तो हळूहळू चाक पुढे फिरतं त्या दिशेला सरकतो. दोन्ही बाजूंना आटे सुलटे असतील तर उजवीकडचा नट त्याने आवळला जातो आणि डावीकडचा सुटत जातो. म्हणून डावीकडे उलटे दिले. पुढे नट व्यवस्थित आवळण्याची पद्धत रुळली तेव्हा बहुतेक कंपन्यांनी हा प्रकार सोडून दिला.

पाठ करायला सोपा नियम असा, आणि मी माझ्या मुलीलाही असाच शिकवलाय, की गाडी पुढे जाताना चाक ज्या बाजूला फिरतं त्या बाजूला नट आवळतो, रिव्हर्समध्ये ज्या बाजूला फिरतं त्या बाजूला सुटतो. कुठल्याही बाजूला उभे राहा, डावी-उजवी, घड्याळ वगैरे काही आठवायची गरज नाही.

पण नुसता नियम पाठ करून पाना लावू नका, कारण पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत मधे कोणी काय केलंय ते सांगता येत नाही. कोणी डावीकडे सुलटे स्टड बसवलेले असतात, कोणी हब दुसऱ्या गाडीचा घातलेला असतो, आणि एकाच चाकावर तीन उलटे दोन सुलटे असंही मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून नटाच्या बाहेर आलेलं स्टडचं टोक तारेच्या ब्रशने साफ करा. बऱ्याच जुन्या उलट्या स्टडच्या टोकावर एल अक्षर ठोकलेलं सापडतं. नाही सापडलं तर आटे बघा, स्टड उभा धरल्यासारखा डोळ्यासमोर आणा, आट्यांच्या रेघा उजवीकडे वर चढत असतील तर सुलटे, डावीकडे वर चढत असतील तर उलटे. पाचही बघा, एक बघून थांबू नका.

आता स्टड तुटलाच आहे तर तो का तुटला हे आधी शोधा, नाहीतर नवा घालाल आणि तोही जाईल. तुटलेला तुकडा फेकू नका. त्याचं तुटलेलं तोंड पुसून उन्हात धरा. सगळा भाग एकसारखा ताजा, खरखरीत चमकदार दिसत असेल तर तो एका झटक्यात तुटलाय, म्हणजे चुकीच्या दिशेने पिळला किंवा एअर गनने बेसुमार आवळला होता. पण जर एका बाजूला काळपट गुळगुळीत भाग असेल, त्यावर लाटांसारख्या बारीक रेषा असतील आणि उरलेला थोडा भाग चमकदार असेल, तर तो स्टड कित्येक महिने आतून चिरत आला होता. असं तेव्हा होतं जेव्हा नट सैल राहून चाक हलत असतं. तसं असेल तर रिमची भोकं बघा, लंबगोल झालीत का, नट बसतो ती तिरकी जागा झिजलीय का, आणि रिमला रंगाचे जाड थर दिलेत का, कारण नटाखालचा रंग दबला की नट आपोआप सैल होतो. रिस्टोरेशन केलेल्या गाड्यांमध्ये हे फार दिसतं, रंग सुंदर, नट सैल.

एक स्टड तुटला आणि उरलेले चार पक्के असतील तर हळूहळू घरापर्यंत येता येतं, दर दहा-पंधरा किलोमीटरला थांबून नट बघत. दोन तुटले तर मी गाडी चालवत नाही. त्या दिवशी ताम्हिणीला मी टेम्पो बोलावून जीप त्यावर चढवली, पैसे गेले, पण तीन स्टडवर, भर पावसात, त्या उतारावर गाडी घालायची हिंमत मी करणार नाही आणि तुम्हीही करू नका. तुटलेल्याच्या शेजारच्या स्टडांवर सगळा भार आलेला असतो, ते बाहेरून ठीक दिसले तरी आतून ताणले गेलेले असतात. म्हणून माझा नियम सरळ आहे, एक तुटला आणि तोही झटक्याने तर एकच बदला, आणि दोन तुटले किंवा चिरत जाऊन तुटला तर त्या चाकाचे पाचही बदला.

स्टड आणायला जाताना जुना अख्खा स्टड नमुन्याला न्या, आणि अख्खा नसेल तर शेजारचा काढेपर्यंत खरेदी करू नका. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जीपचे पार्ट ठेवणारी दुकानं आहेत, दिल्लीला काश्मिरी गेट आहे, आणि हरियाणातलं मंडी डबवाली तर जीपांसाठीच ओळखलं जातं. दुकानात नुसतं जीपचा स्टड द्या म्हणू नका, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) घेऊन जा. डोक्याखालून एकूण लांबी, आट्यांची लांबी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोक्याजवळ जे उभे दाते असतात त्यांचा व्यास. हे दातेच स्टडला हबमध्ये फिरू देत नाहीत. दाते भोकापेक्षा एक-दोन दशांश मिलीमीटर जाड हवेत, त्याहून बारीक असतील तर स्टड जागेवर फिरणार आणि नंतर नट कधीच सुटणार नाही, फार जाड असतील तर हबला चीर जाऊ शकते. हबची भोकं मोजल्याशिवाय स्टड घेऊ नका एवढंच म्हणतो.

हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट घालून डोकं वेल्डिंग करून देणारे भेटतील. करू नका. साधा बोल्ट मऊ असतो, आणि वेल्डिंगची उष्णता लागली की चांगल्या स्टडचाही कस जातो, डोक्याजवळ तो ठिसूळ होतो आणि पुढे नेमका तिथेच तुटतो. यात गाडीतल्या माणसांचा जीव आहे, शंभर रुपये वाचवायची ही जागा नाही.

आता गाडी उचलायची, आणि इथे जुन्या जीपचा एक धोका आहे जो कारवाल्यांना माहीत नसतो. या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सच्या) मागे प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरच्या रचनेमुळे) ते चाक हवेत उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक सुलटं, म्हणजे हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते आणि जॅकवरून पडते. गिअरमध्ये ठेवली तरी मागच्या चाकांच्या बाबतीत तेच. म्हणून सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा चांगले दगड, फोर व्हील गिअर टाकून ठेवा, आणि जॅकवर कधीच काम करू नका, चेसिसखाली किंवा अॅक्सलखाली घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावा. नट जमिनीवर असतानाच सैल करायचे, चाक उचलल्यावर नाही.

नट जाम असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, दोन-तीनदा. सकाळी पाना लावण्याआधी नटाच्या पैलूंवर हातोडीने टकटक मारा, जोरात नाही, फक्त गंज सुटेल इतकं. मग आधी आवळायच्या दिशेने किंचित हलवून बघा आणि मग सोडवा, असं मागे-पुढे करत. नट अर्धा येऊन अडकला तर तेल मारा, परत आत घ्या, परत बाहेर. ताकदीने नाही, सवडीने सुटतो तो. आणि जर नटाबरोबर स्टडच फिरायला लागला, म्हणजे हबमधले दाते झिजलेत, तर पाइप लावून काही होणार नाही. ग्राइंडरने नटाच्या एका पैलूवर रिमला न लागता उभी खाच घ्या, जवळजवळ आट्यांपर्यंत, आणि त्या खाचेत छिन्नी ठेवून एक ठोसा द्या, नट उकलतो. स्टड तसाही बदलायचाच आहे.

चाक निघालं की पुढचं काम पुढचा हब आहे की मागचा यावर ठरतं.

पुढचा तसा सोपा. बाहेरचा ड्राइव्ह फ्लँज किंवा लॉकिंग हब असेल तो सहा बोल्ट काढून सोडवायचा, आधी शाफ्टच्या टोकाची क्लिप काढायची. आत दोन मोठे चपटे नट दिसतील, मधे वाकवलेल्या कडेचं वॉशर. वॉशरची कड सरळ करा, बाहेरचा नट, वॉशर, आतला नट असं काढा. यासाठी मोठा पातळ पाइप पाना मिळतो तोच वापरा, छिन्नीने नट फिरवायची जी पद्धत गॅरेजांत आहे तिने नटाच्या कडा जातात आणि लोखंडाचे कण बेअरिंगमध्ये पडतात. मग ब्रेक शू सैल करून हब आणि ब्रेकचा ड्रम एकत्र बाहेर ओढा, बाहेरचं बेअरिंग हातात धरा, ते मातीत पडू देऊ नका.

मागचा हब मात्र सीजे-थ्री-बीसारख्या जीपांना निमुळत्या अॅक्सलवर बसवलेला असतो, मधे चावी (हबला अॅक्सलवर फिरू न देणारा लोखंडी तुकडा) आणि बाहेरून मोठा नट, त्याला स्प्लिट पिन. हा हब वर्षानुवर्षं तिथे चिकटून बसलेला असतो आणि हातोडीने निघत नाही. अॅक्सलच्या टोकावर घण मारणारे बघितलेत, त्याने टोकाचे आटे जातात आणि तो धक्का आत दुसऱ्या बाजूच्या बेअरिंगपर्यंत पोचतो. यासाठी हबचा पुलर लागतो, जाड लोखंडाचा, जो चाकाच्या स्टडांनाच नट लावून बसवतात आणि मधला स्क्रू अॅक्सलवर आवळतात. इथेच पेच असा की तुमचे स्टडच तुटलेत. माझे दोन शेजारशेजारचे गेले होते. उरलेल्या तीनवर पुलर वाकडा बसतो, म्हणून मी पुलरखाली जाड पट्टी देऊन तो सरळ राहील असं केलं आणि स्क्रू थोडा आवळायचा, मग स्क्रूच्या डोक्यावर एक ठोसा, परत थोडा, असं करत तासाभराने तो सुटला, बंदुकीसारखा आवाज होतो सुटताना. त्यामुळे अॅक्सलचा नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे सैल करून तसाच ठेवा, नाहीतर हब सुटून अंगावर येतो. ही सूचना कृपया हलक्यात घेऊ नका, पंधरा किलोचं लोखंड छातीवर येण्यासारखं आहे.

ड्रम निघाल्यावर आतली धूळ फुंकू नका, एअरनेही उडवू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात जाऊन बसतं. पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओलं करून फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

आता मी सुरुवातीला म्हटलं त्या दोन जागांपैकी एक, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची. मूळ विलीज पद्धतीचे स्टड आजच्या गाड्यांसारखे नुसते ठोकून बसवलेले नसतात. हब आणि ड्रम दोन्हीमधून स्टड आरपार घालून त्याची बाहेरची खांद्याची कड रिव्हेटसारखी फुलवलेली असते, म्हणजे स्टड चाकही धरतो आणि ड्रमला हबवर कायमचा जखडतो. आटे जिथे सुरू होतात तिथे मुळाशी एक पसरलेली गोल कड दिसते बघा, तीच ती. ती कड न कापता जर मागे ठोकलं तर फुललेलं लोखंड हबच्या भोकातून जबरदस्तीने जातं आणि भोक मोठं करून, ओरबाडून जातं. मग नवा स्टड त्यात कधीच घट्ट बसत नाही. ड्रमही वाकतो, मग ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं. कितीतरी चांगले हब असे ठोकून वाया गेलेत, आणि ठोकणारे सगळे अनुभवी लोक होते, फक्त त्यांना त्या कडेची कल्पना नव्हती.

कड कापायची पद्धत अशी. स्टडवरून बसेल अशी पोकळ कटर लागते, आतलं भोक स्टडच्या आट्यांपेक्षा थोडं मोठं आणि पुढच्या तोंडाला दाते. अशी कटर चांगला टर्नर लेथवर करून देतो, टूल स्टीलची करून पाणी द्यायला, म्हणजे तापवून कडक करायला सांगा. किंवा छोटा होल सॉ मधलं ड्रिल काढून वापरता येतो, आतला व्यास जुळला तर. हब ड्रमसकट उभ्या ड्रिल मशीनच्या टेबलावर घट्ट बांधा, वेग कमी ठेवा, तेल सोडत राहा आणि फुललेली कड गोलाकार कापत ड्रमच्या पातळीपर्यंत या. ड्रममध्ये खोल जायचं नाही. ज्यांचा स्टड पातळीलगत तुटलाय त्यांना कटरला धरायला काही नसतं, त्यांनी मध्यावर सेंटर पंच मारून आधी बारीक आणि मग मोठ्या बिटने ड्रिल करत जा, कडेचं लोखंड पातळ झालं की ती आपोआप सोडते. सेंटर चुकला तर भोक एका बाजूला खाल्लं जाईल, म्हणून हातातल्या ड्रिलने हे करू नका, थोडे पैसे देऊन वर्कशॉपमध्ये करून घ्या. आणि हो, काही जीपांमध्ये आधीच कोणीतरी हे बदलून नुसते दाबून बसवलेले स्टड घातलेले असतात आणि ड्रम तीन चपट्या स्क्रूंनी धरलेला असतो, तसं असेल तर कापायचं काहीच नाही, स्क्रू काढा आणि पुढे चला.

हब आणि ड्रम वेगळे करण्याआधी दोन्हीवर एकमेकांसमोर सेंटर पंचने खूण करा, म्हणजे ड्रम परत त्याच जागी बसेल.

कड गेल्यावर स्टड मागच्या बाजूला दाबून काढायचा. हायड्रॉलिक प्रेस असेल तर उत्तम, कुठल्याही बेअरिंग बदलणाऱ्या वर्कशॉपमध्ये असते. हबला अगदी त्या स्टडच्या भोवतीच आधार हवा, म्हणून स्टडचं डोकं आत जाईल एवढ्या व्यासाचा जाड पाइपचा तुकडा खाली ठेवा. हब नुसता कडेवर टेकवून दाबला तर फ्लँज वाकतो, डोळ्याला दिसत नाही पण चाक डुलायला लागतं. हातोडीने काढायचाच असेल तर तोच पाइप खाली घ्या आणि एक-दोन जोरदार ठोशात काढा, शंभर हलके ठोसे मारण्यापेक्षा ते बरं. हब गॅसवर तापवू नका.

भोकं साफ करून बघा, आत दात्यांच्या खुणा असतील त्या असू द्या. भोक मोठं झालेलं असेल तर जास्त जाड दात्यांचा स्टड शोधायचा, आणि तोही घट्ट बसत नसेल तर हब बदलायचा. स्टडच्या डोक्याला हबशी वेल्डिंगचा टाका मारून भागवतात लोक, मी ते करत नाही, वर सांगितलं त्याच कारणासाठी.

नवा स्टड बसवताना त्याचे दाते शक्यतो जुन्या खाचांमध्ये बसवा, हाताने फिरवून बघितलं की जागा सापडते. सरळ उभा धरून प्रेसने दाबा, डोकं हबला पूर्ण टेकलं पाहिजे, मागे नखाएवढीही फट नको. प्रेस नसेल तर नटाने ओढून घेता येतो, त्याला तीन-चार जाड वॉशर ग्रीस लावून घाला आणि एक टाकाऊ नट, उलटा स्टड असेल तर नटही उलट्या आट्यांचाच, आणि सावकाश ओढा. पण यात आटे ताणले जातात, म्हणून हा पर्याय गावाकडे काहीच सोय नसेल तेव्हाचा. ओढलेला नट नंतर फेकून द्या, चाकाला लावू नका. बसल्यावर आट्यांवरून नवा नट हाताने पूर्ण फिरवून बघा, कुठे अडत असेल तर डायने (आटे कापायच्या हत्याराने) साफ करा, आणि इथे परत तेच, डाव्या बाजूला अर्धा इंची २० ची उलटी डाय लागते, सुलटी फिरवली तर नवे आटे कापून जातील.

नवे स्टड परत रिव्हेटसारखे फुलवायची गरज नाही. चाकाचे नट आवळले की ड्रम हब आणि रिमच्या मधे पक्का धरला जातो. उलट ड्रम सुटा राहिला की पुढच्या वेळी ब्रेक शू बघायला पुलर लावावा लागत नाही, मला तर हा मोठाच फायदा वाटतो. ड्रम डुलत असेल तर हबवर बसवूनच लेथवर फिरवून घ्या, अगदी कमीत कमी लोखंड काढून.

परत बसवताना पुढच्या हबची बेअरिंगं धुवून नवं ग्रीस भरा, आतलं ऑइल सील नवं घाला, इतकं उघडल्यावर जुनं सील परत घालण्यात अर्थ नाही. आतला नट चाक फिरवत फिरवत ते जड होईपर्यंत आवळा आणि मग साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्या, चाक मोकळं फिरलं पाहिजे पण वर-खाली धरून हलवलं तर खडखड नको. मग वॉशर, बाहेरचा नट, वॉशरची कड वाकवणं. मागच्या निमुळत्या अॅक्सलवर आणि हबच्या आत ग्रीस किंवा तेल अजिबात नको, दोन्ही कोरडे पुसा, चावी जागेवर आहे ते बघा, आणि नट किमान १५० फूट-पाउंडाला आवळा, म्हणजे दोनशे न्यूटन-मीटरच्या वर. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट अजून थोडा पुढे घ्या, मागे कधी नाही. इथे सैल राहिलं तर चावी कापली जाते आणि अॅक्सल मोडतो.

चाकाचे नट लावताना निमुळती बाजू रिमकडे. हे सांगायला नको असं वाटतं पण उलटे लावलेले नट मी पाहिलेत. आटे कोरडे ठेवा, तेल लावलं तर तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो आणि स्टड ताणतो. पाचही आधी हाताने बसवा, मग एक सोडून एक अशा क्रमाने, पहिला, तिसरा, पाचवा, दुसरा, चौथा, दोन फेऱ्यांत आवळा. मी साधारण ७० फूट-पाउंड, म्हणजे ९५ न्यूटन-मीटरच्या आसपास ठेवतो, तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा. टॉर्क पाना हल्ली फार महाग राहिलेला नाही, आणि उलट्या आट्यांसाठी घेताना दोन्ही दिशांना मोजणारा आहे का ते दुकानातच बघून घ्या, बरेच स्वस्त पाने एकाच दिशेला मोजतात. एअर गन या गाडीच्या नटांना लावूच देऊ नका.

बरेच जण विचारतात की डावीकडेही सुलटेच स्टड घालून टाकले तर? चालतं. उलटे स्टड आणि नट शोधायला वेळ लागतो, आणि नट नीट आवळून वेळच्या वेळी तपासले तर सुलट्या आट्यांचं चाकही सुटत नाही. पण करायचं तर त्या चाकाचे पाचही करा, आणि शक्य असेल तर डावीकडची दोन्ही चाकं एकदम करा. एकाच चाकावर मिसळ ठेवली की पुढचा कोणीतरी परत पाइप लावणार. मी स्वतः उलटेच ठेवलेत, गाडी जशी बनली तशी राहावी असं मला वाटतं आणि नाना पेठेत दोन चकरा मारल्यावर पाच उलटे स्टड नटांसकट मिळालेही.

फक्त आता डाव्या बाजूच्या दोन्ही रिमांवर नटांच्या मधे पांढऱ्या ऑइल पेंटने उलटे आटे असं मराठीत आणि हिंदीत लिहिलंय, आणि बाण काढलाय सोडवायच्या दिशेचा. स्टेपनीवर मात्र काही लिहिलेलं नाही, कारण ती दोन्ही बाजूंना लागते. टूलकिटच्या पिशवीत दोन उलटे आणि दोन सुलटे नट, वेगवेगळ्या डब्यांत, डब्यावर लिहून. काम झाल्यावर पहिल्या ५० किलोमीटरला नट परत टॉर्क पान्याने बघितले तेव्हा दोन नट जरासे पुढे गेले, नव्या स्टडला तेवढं होतंच, १०० ला बघितले तेव्हा एकही हलला नाही.

तुमच्याकडे डाव्या बाजूला सुलटे स्टड घातलेली जुनी जीप असेल तर मूळ हबला काय काय केलंय ते जरूर लिहा, आणि कोणाकडे ती फुललेली कड कापायची पोकळ कटर तयार असेल तर तिचा आतला-बाहेरचा व्यास टाका, बाकीच्यांना टर्नरकडे नेऊन दाखवता येईल.